बरडावरचे दगडांचे कडे

प्रश्नकर्त्यांचे वडिलोपार्जित वावर नागपूरच्या वायव्येस, काटोल रस्त्याच्या बाजूला आहे. वावराच्या टोकाला मुरमाड बरडाचा एक तुकडा असून त्यावर काळ्या दगडांचे मोठे गोल कडे आहे. आजोबा त्याला गवळ्यांच्या राज्यातला तळ म्हणत असत आणि गावातले काही जण खाली धन आहे असे सांगतात. आता तो तुकडा जेसीबीने सपाट करून, वर तलावातला गाळ पसरून संत्र्याची बाग लावण्याचा त्यांचा विचार आहे. हे कडे म्हणजे खरोखर थडगे आहे काय, ते ओळखावे कसे आणि त्याचे करावे काय, असे त्यांनी विचारले आहे.

जागा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निर्वाळा देणे योग्य नाही. तरीही वर्णन आणि परिसर दोन्ही लक्षात घेता ते महापाषाणकाळातील, म्हणजे मोठमोठे दगड रोवून मृतांची स्मारके बांधली जात त्या काळातील, शिलावर्तुळ असण्याची शक्यता फार मोठी आहे. विदर्भात, विशेषतः नागपूर जिल्ह्यात, अशी वर्तुळे ज्या संख्येने आढळतात तशी महाराष्ट्रात दुसरीकडे कोठेही आढळत नाहीत. आपल्या वावरापासून दूर नसलेल्या जुनापाणी येथेच सुमारे 300 वर्तुळे नोंदली गेली आहेत. ती बांधणारे लोक स्थूलमानाने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात, म्हणजे आजपासून अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वी, या भागात राहत होते. त्यांना लोखंडाचे काम येत होते आणि घोडा बाळगता येत होता, परंतु लिहिणे येत होते असे दाखवणारा पुरावा नाही. त्यामुळे ते स्वतःला काय म्हणवीत हे आपल्याला कधी कळेल असे मला वाटत नाही.

आजोबांच्या गवळ्यांना हसून सोडून देऊ नये. गुराख्यांच्या जुन्या राज्याशी या वर्तुळांचा संबंध जोडणारी समजूत मध्य प्रांतात फार पूर्वीपासून आहे आणि ब्रिटिश काळातील नोंदींतही ती उतरली आहे. इतिहास म्हणून ती टिकत नाही. मात्र पुढे अभ्यासकांपैकी काहींनीही, घोड्यांचे अवशेष आणि वस्त्यांच्या मानाने थडग्यांची मोठी संख्या पाहून, हे लोक मुख्यतः पशुपालक व फिरस्ते असावेत असे मत मांडले. लोकांची समजूत आणि विद्वानांचे अनुमान असे एकाच वाटेवर भेटलेले पाहून मला नेहमी गंमत वाटत आली आहे. या मताचे काय झाले ते पुढे सांगतो.

आधी ओळखण्याविषयी. वावरात दगड गोलाकार दिसण्याची कारणे अनेक असतात. जुने खळे असेल तर मधली जागा चोपून सपाट केलेली असते, ती पिकाच्या जमिनीजवळ असते आणि कडेचे दगड एका माणसाला उचलता येतील एवढेच असतात. गुरांच्या जुन्या वाडग्याला आत जाण्यासाठी मोकळी वाट ठेवलेली असते. नांगराला आडवे येणारे दगड वेचून धुऱ्यावर टाकलेले असतील तर त्या ढिगाला आकार नसतो. शिलावर्तुळातील दगड मात्र जागेवरचेच काळे पाषाण असले तरी निवडून, ओढून आणून कडेने रोवलेले असतात. त्यांचा बराचसा भाग मातीत गेलेला असतो आणि ते हलवायला बरीच माणसे लागली असतील हे पाहताक्षणी कळते. वर्तुळाचा व्यास साधारणपणे 8 ते 20 मीटर भरतो. सर्वांत विश्वासाची खूण म्हणजे वर्तुळाच्या मधला भाग. तो भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडा फुगीर असतो आणि त्यात नाल्यातले गुळगुळीत गोटे मिसळलेले दिसतात. बरडावर नाल्याचे गोटे आपोआप चढत नाहीत. कोणी तरी ते टोपल्यांनी वाहून आणलेले असतात.

घुशीने किंवा सायाळीने मध्ये बीळ केले असेल तर बाहेर पडलेली माती नीट पाहावी. आतून काळे व बाहेरून तांबडे, तोंडाशीही काळे, अशा खापराचा तुकडा मिळाला तर शंका जवळजवळ उरत नाही. ही काळी-तांबडी भांडी या संस्कृतीची ठळक खूण आहेत. त्यांच्या जोडीला अभ्रकाचे कण चमकणारी तांबूस खापरेही विदर्भात सापडतात. तुकडा पाहावा, छायाचित्र काढावे आणि तो तेथेच ठेवावा. बीळ मोठे करून पाहण्याचा मोह टाळावा.

आणखी एक खूण अशी आहे की ती मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाही. काही वर्तुळांतील निवडक दगडांवर वाटीसारखे लहान, उथळ खळगे कोरलेले असतात. जुनापाणीचे दगड त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. जे. एच. रिव्हेट-कारनॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1867 मध्ये तेथे खोदकाम केले आणि 1879 मध्ये त्याविषयी लिहिले, तेव्हा युरोपातील शिळांवरच्या तशाच खळग्यांशी असलेले साम्य पाहून तो चकित झाला होता. अलीकडे काही संशोधकांनी हे खळगे असलेले दगड वर्तुळाच्या कोणत्या दिशांना येतात हे मोजून त्यांचा आकाशातील घटनांशी संबंध असावा असे सुचवले आहे. मोजमाप करण्याजोगे आहे यात शंका नाही. परंतु अडीच हजार वर्षांत किती दगड हलले, किती फुटले, किती जण घराच्या पायासाठी घेऊन गेले, हे ध्यानात घेतल्यावर मी स्वतः या बाबतीत सावध राहणेच पसंत करतो. आपल्यासाठी व्यवहारातली सूचना एवढीच की आपल्याकडच्या काळ्या पाषाणात नैसर्गिक पोकळ्याही पुष्कळ असतात. त्या वेड्यावाकड्या, लहानमोठ्या आणि दगडावर सर्वत्र विखुरलेल्या असतात, आणि फोडल्यास कित्येकदा आत पांढरे स्फटिक दिसतात. कोरलेले खळगे मात्र साधारण एकाच मापाचे आणि ओळीत असतात. पुष्कळदा तर दोन समांतर ओळी असतात. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळताना उन्हाची तिरीप दगडावर पडते तेव्हा ते उठून दिसतात. भर दुपारी तोच दगड कोरा वाटतो.

आता आत काय असते ते पाहू. असे वर्तुळ आम्ही उत्खनन करणारे सरळ मधून खणत नाही. त्याचे चार भाग पाडतो आणि समोरासमोरचे दोन भाग थराथराने खाली नेतो. मधली मातीची भिंत तशीच ठेवल्यामुळे थर उभ्या छेदात दिसत राहतात. तो छेद वाचता आला तर अंत्यविधीचा क्रमच समोर येतो. आधी जागा साफ केलेली दिसते, काही ठिकाणी उथळ खड्डा घेतलेला असतो. त्यावर प्रेत, किंवा बऱ्याच वेळा दुसरीकडे कुजू दिल्यानंतर गोळा केलेली मोजकी हाडे, आणि सोबत भांडी, हत्यारे, अलंकार ठेवलेले असतात. मग अनेकदा चिकट काळ्या मातीचा थर येतो, आणि त्यावर गोटे व मुरूम यांची रास. त्या राशीला जागच्या जागी धरून ठेवणारे कडे म्हणजे आपल्याला वरून दिसणारे दगड. काळी माती बरडावरची नसते, ती खालच्या सपाटीवरून आणावी लागते. म्हणजे हे काम चार माणसांनी एका दुपारी उरकलेले नाही. मृताच्या मागे बरेच लोक होते, आणि ते कंबर मोडेपर्यंत राबले.

हाडांच्या बाबतीत मात्र निराशेची तयारी ठेवावी लागते. दरवर्षीचा पावसाळा राशीतून झिरपत राहिल्याने मानवी हाडे फार वाईट अवस्थेत हाती येतात, आणि कित्येक वर्तुळांत ती मिळतच नाहीत. काही वर्तुळे दूर मरण पावलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभारली असावीत असेही म्हटले जाते. म्हणून आपल्या ‘थडगे आहे काय’ या प्रश्नाचे काटेकोर उत्तर असे द्यावे लागते: बांधणी थडग्याची आहे, आत माणूस आहेच असे मात्र नाही.

या लोकांविषयी आपल्याला जे काही ठाऊक आहे त्याचा मोठा भाग नागपूर परिसरातील उत्खननांतून आला आहे. जुनापाणी येथे 1961-62 मध्ये बी. के. थापर यांनी तीन वर्तुळे उकरली. त्यानंतर डॉ. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे 1968-69 मध्ये टाकळघाट व खापा येथे आणि 1970 ते 1972 या काळात माहुरझरी येथे उत्खनन केले. खापा येथे वर्तुळे आहेत आणि जवळच्या टाकळघाटला त्याच काळातील वस्ती. थडगे आणि घर असे जोडीने हाती आल्यामुळे त्या कामाचे महत्त्व मोठे ठरले.

माहुरझरीत जे मिळाले ते पाहिल्यावर घोड्याचे स्थान काय होते हे निराळे सांगावे लागत नाही. मृताबरोबर घोड्याचे अवशेष, त्याच्या तोंडात अडकवण्याचे लोखंडी लगाम आणि त्याच्या मुखावर बांधण्याचा तांब्याच्या पत्र्याचा साज तेथे सापडला. घोड्यांच्या हाडांवर कापल्याच्या खुणाही दिसल्या, म्हणजे मालकाच्या अंत्यविधीत घोडा मारला गेला होता. एवढे मोलाचे जनावर मातीत घालणे ज्याच्या घराण्याला परवडत होते, तो माणूस त्या समाजात साधा नव्हता. पक्ष्याच्या आकृतीची मूठ असलेली तांब्याची झाकणे, तांब्याच्या मुठीचे लोखंडी खंजीर, पातळ पत्र्याचे किरकोळ सुवर्णालंकार, अकीक व लालसर कार्नेलियनचे मणी आणि त्यांतले काही पांढरी नक्षी उमटवलेले, हे सर्व विदर्भातील वर्तुळांतून मिळाले आहे. मण्यांचा उद्योग माहुरझरीत नंतरच्या शतकांतही चालू राहिला.

तरीही मला विचाराल तर या सगळ्यांत सर्वांत बोलकी वस्तू लोखंडी कुऱ्हाड आहे. तिचे पाते चपटे असते, त्याला दांडा घालायला भोक नसते. म्हणून पाते दांड्याशी जखडण्यासाठी लोखंडाच्या पट्ट्या आडव्यातिडव्या आवळलेल्या असतात. ही तऱ्हा विदर्भात वारंवार आढळते. कुऱ्हाडींबरोबर छिन्न्या, वासले, कुदळीसारखी अवजारे, दिवे आणि पळ्याही मिळतात. म्हणजे मृताला शस्त्रांइतकीच सुताराची आणि शेतकऱ्याची हत्यारे दिली जात होती. त्या काळी येथे दाट जंगल होते हे लक्षात घेतले की जमीन मोकळी करणाऱ्या कुऱ्हाडीचा मान कळतो.

पशुपालकांच्या मताला खरा धक्का बसला तो नैकुंडमुळे. पेंच नदीकाठच्या या गावी 1970 च्या दशकाच्या अखेरीस डॉ. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. तिच्यात हवा फुंकण्याच्या मातीच्या नळ्या होत्या आणि आसपास लोहमळ, म्हणजे लोखंड गाळल्यावर उरणारा मळ, पडलेला होता. तिचा काळ सुमारे इ.स.पू. 700 असा धरला जातो. भट्टी पाठीवर बांधून फिरता येत नाही. तिला खनिज लागते, कोळसा लागतो आणि कसब मुलाला शिकवणारा कारागीर लागतो. त्याच जिल्ह्यातील भागीमहारी येथे वस्तीबरोबर धान्याचे जळके दाणे मिळाले आणि शेतीचा पुरावा समोर आला. आज माझ्यासह बहुतेक अभ्यासक असे मानतात की हे लोक गावांत राहून शेती करीत, जनावरेही बाळगीत, आणि त्यांच्यातील काही घराणी घोड्यांमुळे व लोखंडामुळे वरचढ झाली होती. वस्त्या कमी सापडतात कारण त्या मातीकुडाच्या होत्या आणि नदीकाठच्या सुपीक जमिनीवर होत्या; ती जमीन तेव्हापासून आजतागायत नांगराखाली आहे.

येथेच आपल्या बरडाचा मुद्दा येतो. ही वर्तुळे दगडाची असल्यामुळे टिकली असे सर्वजण धरून चालतात. माझे मत तसे नाही. दगड तर फार लवकर पळवला जातो. किल्ले, देवळे, विहिरी यांचे दगड गावागावांत घरांच्या पायात गेलेले आपण पाहतोच. ही वर्तुळे टिकली त्याचे कारण ती ज्या जागेवर बांधली गेली ती जागा. वर्तुळांचे समूह पुन्हा पुन्हा एकाच प्रकारच्या भूमीवर भेटतात: टेकडीचा पायथा किंवा मुरमाड उंचवटा, जवळ नाला, आणि खाली नजरेच्या टप्प्यात काळी जमीन. बांधणाऱ्यांनी पिकाची जमीन जिवंत माणसांसाठी राखली आणि मृतांना बरड दिले. पुढे सातवाहन आले, वाकाटक आले, गोंड राजे आले, भोसले आले, पण बरडावर नांगर घालायला कोणी गेले नाही. गुरे चरली, गवत वाढले आणि कडी जागेवर राहिली. मृतांना जे निरुपयोगी म्हणून दिले होते त्यानेच त्यांना सांभाळले.

गेल्या काही दशकांत हे उलटले आहे. रस्त्याच्या भरावाला मुरूम लागतो, शहर वाढते तसे भूखंड पडतात आणि यंत्राने बरडही एका दिवसात सपाट होते. हातातल्या जुन्या टिपणांवरून एखादा समूह शोधायला जावे आणि तेथे पाण्याने भरलेला मुरमाचा खड्डा सापडावा, असे माझ्या बाबतीत एकापेक्षा अधिक वेळा घडले आहे. दगड तेवढे खड्ड्याच्या कडेला लोटून दिलेले असतात. दगड शिल्लक असतात आणि वर्तुळ गेलेले असते, कारण त्याचा सगळा अर्थ कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या शेजारी व कोणत्या थराखाली होती यातच होता.

धनाविषयी स्पष्ट सांगतो. या वर्तुळांत नाण्यांचे हंडे असण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ती बांधली जात होती त्या बहुतेक काळात या भागात नाणे चालत नव्हते. सोने मिळालेच तर ते पातळ पत्र्याचे, बोटभर आणि क्वचित. लोखंड गंजून असे फुगलेले असते की हातात घेताच त्याचे पापुद्रे सुटतात, आणि भांडी पिचलेली असतात. चोरून खणणाऱ्याच्या पदरी त्यातून काही पडत नाही, अभ्यासकाच्या हातचे मात्र सर्व काही जाते. शिवाय 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली 10 रुपयांहून अधिक किमतीची मौल्यवान वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि 1972 च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय पुरावस्तूंचा व्यापार करता येत नाही.

जमीन सरकारजमा होईल ही भीती लोकांना गप्प बसवते, म्हणून तेही सांगणे भाग आहे. नोंद कळवल्याने सातबारा बदलत नाही. नागपूर जिल्ह्यातील शिलावर्तुळांच्या काही जागा केंद्राने संरक्षित घोषित केल्या आहेत. अशा घोषित जागेच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढील 200 मीटरपर्यंत परवानगीची अट, हा 2010 च्या सुधारणेनंतरचा नियम आहे. आपले वर्तुळ एखाद्या घोषित समूहाच्या जवळ आहे काय, हे म्हणूनच आधी विचारून घ्यावे. घोषित नसेल तर ही बंधने लागू होत नाहीत. मुरूम काढून विकायचा असल्यास महसूल खात्याची परवानगी तशीही लागतेच. चौकशीसाठी नागपुरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मंडळ कार्यालय, राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे विभागीय कार्यालय आणि विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे. विद्यापीठापासून सुरुवात करावी असे मी सुचवीन. तेथील विद्यार्थी वावरात यायला उत्सुक असतात.

बागेपुरते बोलायचे तर एका वर्तुळाने अडणारी जागा फार नसते. 15 मीटर व्यासाचे कडे आणि भोवती 5 मीटरची मोकळी पट्टी धरली तरी ती 5 गुंठ्यांहून थोडी कमीच भरते. तेवढा भाग सोडून ओळी आखाव्यात. त्यावर गाळ पसरू नये, ठिबकची मुख्य नळी त्यातून नेऊ नये, आणि शेततळ्यासाठी मधला उंचवटा सोयीचा वाटला तरी तेथे खणू नये. दगडाला शेंदूर लावून त्याचा देव करण्याची सूचनाही कोणी तरी करील. त्याने दगड वाचतो हे मी पाहिले आहे. पण मग चौथरा होतो, त्यासाठी पाया खणला जातो आणि नेमके मधलेच जाते.

यंत्र आणण्यापूर्वी एक काम आपणच करू शकता. दिवाळीनंतर गवत वाळले की कड्याचा व्यास उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असा दोनदा मोजावा, दगड मोजावेत, खळगे असलेले दगड कोणत्या बाजूला आहेत ते लिहावे, आणि मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपून चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. छायाचित्रात मापासाठी एखादी काठी किंवा फूटपट्टी ठेवावी. त्यानंतर धुऱ्यावरच थांबू नये. एकटे वर्तुळ विरळाच असते, म्हणून शेजाऱ्याची परवानगी घेऊन त्याच्या बरडावर आणि नाल्याच्या पलीकडच्या चढावरही फिरून पाहावे. दुसरे कडे बहुतेक हाकेच्या अंतरावरच असेल.